मावशीच्या तीनशे सात तक्रारी

मावशीनं उभ्या आयुष्यात कुणाचा फोन आधी ठेवला नाही. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिनं एकोणतीस वर्षं काढली. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणाऱ्या दिव्यांची रांग, आणि पलीकडे माणसं. रडणारी, ओरडणारी, चुकीच्या नंबरावर लागलेली, तोंडातून शब्द न फुटणारी. समोरच्यानं फोन ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, हा बोर्डावरचा पहिला नियम. तो तिच्या हाडीमाशी खिळला होता. मग इस्पितळात मशीन आलं, ‘अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा’ सुरू झालं आणि मावशीला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं.

घर म्हणजे एकटीची खोली. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायची सख्ख्या बहिणीचीसुद्धा छाती झाली नव्हती. दोन वर्षं मावशीनं कपाटं लावली, उपसली, परत लावली. कुणी कर्ज हवंय का म्हणून फोन केला की त्याच्याशी पाऊण तास बोलायची. कर्ज नकोच असायचं तिला. शेवटी तो विकणाराच काकुळतीला येऊन ‘काकू, ठेवू का आता?’ म्हणायचा.

तिचे दिवस पालटले ते एका सरकारी नियमामुळे. हसण्यावारी नेऊ नका, खरंच तसं झालं.

तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, म्हणजे आपला भाचा, टीव्ही चॅनेलवरची धडधाकट नोकरी सोडून व्हिडिओची कंपनी काढून बसला होता. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. सगळी मिळून नऊ माणसं. ही मंडळी कॅमेरा घेऊन लोकांच्या कामाच्या जागी जात. लिफ्ट दुरुस्त करणारा, चष्म्याच्या काचा घासणारा, रबरी शिक्के बनवणारी बाई. प्रत्येकाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकत. लोक चवीनं बघत. गाडी रुळावर येत होती, तेवढ्यात नियम आले.

इंटरनेटवर व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रत्येक कंपनीनं नोंदणी करायची. प्रत्येक व्हिडिओचा फॉर्म भरायचा. तो कुठल्या वयाच्या माणसानं पाहावा ते लिहायचं. आणि एक तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव, फोटो आणि फोन नंबर प्रत्येक व्हिडिओखाली लावायचा. आता खरं सांगायचं तर नियम वाईट नव्हता. कुणाच्याही दारात कॅमेरा न्यायचा, काय हवं ते दाखवायचं आणि कुणी जाब विचारला की कानावर हात ठेवायचे, असे महाभाग होतेच की. पण नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या काचेच्या इमारतीतल्या कंपन्या, वकिलांचा तांडा पदरी बाळगणाऱ्या. टायरवाल्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या कुणाच्या गावीही नव्हत्या. हत्तीचं माप घेतलं आणि झूल उंदरावर घातली.

अधिकारी कोण होणार? नऊच्या नऊ जणांनी हात वर केले. व्हिडिओची काटछाट करणारी एक मुलगी होती, तिला सगळे कात्री म्हणत. ती म्हणाली, “माझा फोटो खाली लावणार असाल तर माझा राजीनामा आत्ताच घ्या.” मग भाचा संध्याकाळी मावशीच्या खोलीवर आला.

“मावशी, नुसतं नाव द्यायचंय. आणि एक फोटो.”

“आणि काम काय?”

“काही नाही गं. आपल्याकडे कोण कशाला तक्रार करतंय?”

मावशीनं फोटो काढायला जाताना मोत्याच्या कुड्या घातल्या.

तिला बसायला जागा दिली ती कॅमेऱ्याची तिकाटणी ठेवायच्या खोलीत. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक फोन. फोन बघूनच बाईचा जीव सुपाएवढा झाला. आणि भाच्याचा अंदाज साफ चुकला, कारण तक्रारी आल्या. प्रत्येक व्हिडिओखाली हसऱ्या चेहऱ्याच्या बाईचा फोटो आणि नंबर दिसल्यावर लोक फोन करणार नाहीत तर काय करतील? एका म्हाताऱ्या लिफ्टवाल्याचं म्हणणं पडलं, तुमचा माणूस पाना उलटा धरतो, पोरं चुकीचं शिकतील. एका बाईच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे मागे दिसत होते. एक गृहस्थ चहाच्या टपरीवर सिगारेट ओढताना दिसला होता आणि त्यानं घरी सोडली म्हणून सांगितलं होतं. शिक्केवालीच्या नवऱ्याची तर तक्रार होती, की व्हिडिओत त्याचा नुसता हात आलाय, कोपरापर्यंत, आणि लोक विचारतात हा हात कुणाचा.

मावशी प्रत्येकाला तासाभरात फोन करायची. नियमात चोवीस तास होते. कॉम्प्युटरवर प्रत्येक तक्रारीपुढे तीन बटणं होती: ‘पोच दिली’, ‘काम चालू’ आणि ‘निकाली’. पहिली दोन ती झटपट दाबायची. तिसऱ्यावर मात्र तिचा हात जाईना. माणूस अजून बोलतोय आणि आपणच ठरवायचं, की झालं याचं? शोभतं का हे? म्हणून ती आधी विचारायची, “मग, काढू का निकाली?” लोक म्हणायचे, “राहू द्या हो, बघू.” निकाली निघाली तर मावशीला परत फोन कसा करायचा? लिफ्टवाला तर दर गुरुवारी करायचा. तेरा महिन्यांत फक्त चौघांनी स्वतःहून ‘काढा’ म्हटलं, आणि त्या चार तिनं काढल्या.

याचा अर्थ ती नुसती गप्पा छाटत होती असं नाही. कपडे दिसतात? ती कात्रीकडे जायची. “एवढं झाकून दे गं बाई, तिची सून आलीय नवीन.” कात्री झाकून द्यायची. सिगारेट? कापली. नवऱ्याचा हात? तोही कापला. मग मावशी तक्रारदाराला फोन करून सांगायची, पाहा आता. आणि सगळं वहीत लिहायची. तारीख, कोण, काय म्हणाला, आपण काय केलं, किती सेकंद कापले. अक्षर कसं, तर छापल्यासारखं. दुपारच्या चहाला भाच्याला एकेक किस्सा सांगायची. तो मोबाइलमध्ये बघत हसायचा.

भाचा महिन्याकाठी सरकारी अहवाल बघायचा तेव्हा पहिल्या पानावर ‘पोच चोवीस तासांत: शंभर टक्के’ असं हिरवंगार दिसायचं. दुसरं पान त्यानं कधी उघडलं नाही.

मंगळवारी सकाळी पत्र आलं. भाचा ते हातात घेऊन मावशीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. तिनं त्याचं तोंड पाहिलं. बहिणीला काही झालं असंच तिला वाटलं.

“मावशी,” तो म्हणाला, “तीनशे सात.”

“काय तीनशे सात?”

“तक्रारी. तीनशे सात तक्रारी पंधरा दिवसांच्या वर पडून आहेत म्हणे. आपली नोंदणी का रद्द करू नये, विचारतायत. नऊ दिवसांनी सुनावणी.”

मावशीनं पत्र घेतलं. वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ‘तक्रार अधिकारी यांनी कोणतीही कार्यवाही केल्याचे दिसून येत नाही.’ कोणतीही. जिनं एकही फोन वाजू दिला नाही, तिला हे लिहिलेलं. नोंदणी गेली की सगळे व्हिडिओ जाणार, व्हिडिओ गेले की नऊ माणसं रस्त्यावर, आणि भाच्यानं चार वर्षं घासून उभी केलेली कंपनी एका सहीनं पुसली जाणार. आणि का, तर आपण एक बटण दाबलं नाही.

“अरे पण सगळ्या सोडवल्या मी,” ती म्हणाली. “एकूण एक. वहीत आहे.”

“वहीत?” भाच्याच्या जिवात जीव आला. “सगळं लिहिलंयस?”

“एकशे चौऱ्याऐंशी पानं.”

“मग सुटलो,” तो म्हणाला आणि तिथंच तिकाटण्यांमध्ये फतकल मारून बसला. “दाखवू वही. माणसंच आहेत तीही.”

इथवर ठीक होतं. पण मावशी होती सरकारी नोकरीत मुरलेली. नुसती वही दाखवून काय होतं? शिक्का नाही तो कागद रद्दी, हे तिला एकोणतीस वर्षांत पाठ झालं होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी, कुणाला न सांगता, ती वहीच्या झेरॉक्स काढून त्या कार्यालयात गेली. आवक खिडकीवरच्या कारकुनानं पहिल्या पानावर शिक्का मारला. मावशी म्हणाली, “प्रत्येक पानावर मारा.” तो म्हणाला, “बाई, लागत नाही हो.” ती म्हणाली, “तुम्हाला लागत नसेल.” पाऊण तास तो शिक्के मारत होता. मावशी समोर उभी राहून पानं मोजत होती. घरी आली ती लढाई जिंकल्यासारखी.

सुनावणीचा अधिकारी तिच्या कल्पनेपेक्षा तरुण निघाला. सर्दीनं बेजार, टेबलावर रुमाल. समोर वहीची झेरॉक्स आधीच पोचलेली. ते पाहून भाच्यानं मावशीकडे चमकून पाहिलं. मावशीनं हलकेच मान हलवली, की बघ, मावशी कच्च्या गुरूची चेली नाही.

अधिकारी वाचत गेला. पाना उलटा धरल्याची तक्रार वाचून त्याला हसू फुटलं. दोन पानं वाचून त्यानं चष्मा काढला.

“बाई, तुम्ही यांना सगळ्यांना स्वतः फोन केलेत?”

“मग काय, पत्र लिहू?”

“नाही, म्हणजे… एवढ्या कंपन्या येतात इथं. बटणं सगळे दाबतात, फोन कुणी करत नाही. उलटं पहिल्यांदाच पाहतोय.” तो भाच्याकडे वळला. “ताकीद देऊन सोडता येईल. सोडवल्या आहेत हे दिसतंय, फक्त नोंद नाही.”

भाच्यानं सोडलेला श्वास मावशीला ऐकू आला. तिला मनातून गुदगुल्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं काम पानोपान वाचत होतं. आणि तेवढ्यात अधिकाऱ्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

“‘कात्रीला सांगून हात कापला. बारा सेकंद.’ हे काय?”

“नवऱ्याचा हात होता, शिक्केवालीच्या.” मावशी उत्साहानं सांगायला लागली. “लोक त्याला विचारायचे, म्हणून व्हिडिओतून तेवढा काढून टाकला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, की बाई, सुटलो.”

“व्हिडिओ आधीच प्रसिद्ध झाला होता?”

“हो तर. त्याशिवाय त्याला दिसणार कसा?”

“असे किती व्हिडिओ बदललेत?”

“एकसष्ट,” मावशी म्हणाली. तिला आकडा तोंडपाठ होता. “मागच्या पानावर यादी आहे.”

अधिकाऱ्यानं मागचं पान काढलं आणि बोट लावून यादी मोजली. मावशीला वाटलं, आता हा पुन्हा शाबासकी देणार. तिनं भाच्याकडे पाहिलं आणि तिची मान तिथंच थांबली. पोराचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

“फॉर्म भरून दिलेल्या व्हिडिओत एक सेकंदही बदलता येत नाही,” अधिकारी हळू आवाजात म्हणाला. “बदलला तर तो नवा व्हिडिओ. त्याचा नवा फॉर्म. तुमचे नवे फॉर्म कुठे आहेत?”

“कसले फॉर्म?” मावशी म्हणाली.

कात्रीला वाटलं होतं फॉर्म मावशी भरते, आणि मावशीला असा फॉर्म असतो हेच ठाऊक नव्हतं. तक्रारी पडून राहणं हा एक दोष. पण नोंदवलेला व्हिडिओ गुपचूप बदलणं म्हणजे सरळ नोंदणी रद्द, त्यात ताकीदबिकीद काही नाही. एकसष्ट वेळा. तारखांसकट, सेकंदांसकट, छापल्यासारख्या अक्षरात, तिच्या स्वतःच्या हातचं.

मावशीनं खुर्चीचा हात धरला.

“साहेब,” भाचा घाईघाईनं पुढं वाकला, “ही वही आम्ही परत घेतो. आपण आधीचंच बोलू. बटणांचं.”

अधिकाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. वही परत द्यायचं त्याच्याही मनात नसेल असं नाही. पण त्यानं पानांचा कोपरा धरून सगळा गठ्ठा अंगठ्याखालून सोडला. प्रत्येक पानावर निळा गोल शिक्का.

“नुसती आणून दाखवली असतीत तर मी कदाचित इथवर वाचलीही नसती,” तो म्हणाला. “पण काल आवक झालीय. पान एक ते एकशे चौऱ्याऐंशी. मला वाटलं तरी आता ती नव्हती असं करता येत नाही. एवढे शिक्के कुणी मारायला लावले?”

मावशीच्या तोंडून शब्द फुटेना. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून शब्द काढलेली बाई, आणि आज तिचीच वाचा बसली.

अधिकाऱ्यानं रुमालानं नाक पुसलं आणि नियमांचं पुस्तक उघडलं. “एक वाट आहे. तक्रार अधिकाऱ्यानं कंपनीच्या नकळत, म्हणजे मालकाच्या नकळत, स्वतःच्या मनानं बदल केले असतील, तर दोष त्या व्यक्तीचा. कंपनीला फक्त ताकीद. त्या व्यक्तीचं नाव अपात्रांच्या यादीत जातं, फोटोसकट, आणि अशा कुठल्याही कंपनीत तिला पुन्हा काम करता येत नाही. कंपनीनं तसं लिहून द्यायचं, आणि खाली त्या व्यक्तीची सही. आज पाचपर्यंत.”

दोघं बाहेर आले. लांबलचक बोळ, भिंतीला लागून बाकडं. समोरच्या दारावर फायली घेतलेली माणसं येत-जात होती. भाचा बाकावर बसला आणि त्यानं डोकं धरलं.

“मी नाही लिहिणार असलं काही,” तो म्हणाला. “तुझा फोटो चोरासारखा टांगणार ते. आईला काय तोंड दाखवू?”

“कागद काढ,” मावशी म्हणाली. आवाज परत आला होता तिचा, पण बोर्डावरचा, कामाचा. “आठ जणं तिथं वाट बघतायत. माझं काय, मी रिटायर झालेली बाई. थोडं खोटं लिहिलं तर आभाळ कोसळत नाही. लिही. प्रति, मा. अधिकारी.”

त्यानं लिहायला घेतलं. सरकारी भाषा त्याला कुठली यायला? मावशी सांगत गेली. “सदर बदल तक्रार अधिकारी यांनी परस्पर केले. कंपनीस त्याची कोणतीही माहिती नव्हती.” इथं पोराचं पेन अडखळणार, हे ती धरून चालली होती. इथं तो म्हणणार, मावशी, असं कसं लिहू, मला सगळं माहीत होतं. मग आपण त्याला रागवायचं आणि लिहायला लावायचं. तिनं वाक्यही जुळवून ठेवलं होतं.

पेन अडखळलं नाही. त्यानं ते वाक्य पुरं लिहिलं, खाली टिंब दिलं आणि पुढच्या वाक्यासाठी तिच्याकडे पाहिलं.

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली.

“तुला माहीत नव्हतं?”

“काय?”

“मी व्हिडिओतलं कापायला लावते ते. अरे, त्या हाताची गोष्ट मी तुला चहाला सांगितली होती. तू हसलास.”

“सांगितली असशील गं,” भाचा म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. “कामात असतो मावशी मी. अर्ध्या गोष्टी डोक्यात राहत नाहीत.”

“आणि कपड्यांचं? सिगारेटवाल्याचं?”

त्यानं मान हलवली.

“आणि ते नियमांचं पुस्तक? ते मला का नाही दिलंस वाचायला?”

“तुला कशाला त्रास, म्हणून.”

“मग रोज सकाळी दहा ते सहा मी त्या खोलीत काय करते, असं वाटायचं तुला?”

वाईट पोर नव्हता तो. त्यानं खोटं बोलून वेळ मारून नेली असती तरी चाललं असतं. पण दिवसच असा होता, की त्याच्या तोंडून खरं निघून गेलं.

“मला वाटायचं, फोनवर बोलत बसतेस. तेवढाच तुझा वेळ जातो. आईच म्हणाली होती, तिला कुठेतरी गुंतव, घरी बसून वेड लागेल तिला.”

मावशीच्या काळजात चर्र झालं. पत्र आलं तेव्हा असं झालं नव्हतं, शिक्के पाहिले तेव्हाही नाही. भाच्यासाठी एका खोट्यावर सही करायची, एवढी छाती तिनं करून ठेवली होती. आणि त्या अर्जात खोटं अक्षर एक नव्हतं. कंपनीस कोणतीही माहिती नव्हती. मधे फक्त एक गादी ठोकलेली भिंत होती, आणि तेरा महिन्यांत पलीकडून कुणी विचारलं नव्हतं, मावशी, आज काय केलंस?

“मी कामावर येत होते रे,” ती म्हणाली.

“मावशी, तसं नव्हतं म्हणायचं मला…”

“राहू दे. ‘कळावे’ लिही खाली.”

त्यानं लिहिलं. पाचाला वीस मिनिटं होती. मावशीनं कागद गुडघ्यावर घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, एक वेलांटी दुरुस्त केली, आणि जिथं ‘दोषी व्यक्तीची सही’ असं लिहायचं होतं तिथं आपलं पूर्ण नाव लिहून कागद त्याच्या हातात दिला.